मेलेलं प्रवाळ मोजायला गेलेली मुलं

पोवळं म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना आधी आठवते ती सासूबाईंची अंगठी. मंगळासाठी कुणीतरी घालायला सांगितलेली, आणि शेवटपर्यंत त्यांच्या बोटात राहिलेली. मी ब्रिस्बेनला लेकीकडे निघाले तेव्हा धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "तिकडं समुद्रात पोवळ्यांच्या भिंतीच्या भिंती आहेत म्हणे. माझ्यासाठी एक खडा आणा की!"

जाऊबाई, खडा आणला नाही. एक तर अंगठीतलं लाल पोवळं वेगळं, ते पूर्वापार भूमध्य समुद्रातून येतं. ऑस्ट्रेलियातल्या त्या भिंती बांधणारं प्रवाळ निराळ्या जातीचं. आणि दुसरं म्हणजे, तिथल्या राखीव समुद्रातून असा तुकडा खिशात घालून आणायला कायद्यानं बंदी आहे. ही बंदी कशी आली त्याची गोष्ट मात्र घेऊन आले आहे. माझ्या मते ती खड्यापेक्षा मोलाची आहे. तेव्हा आज तीच सांगते.

गोष्टीची सुरुवात नातीपासून. लेकीची थोरली मुलगी, वय वर्षं बावीस. एका रविवारी संध्याकाळी ती घरी आली ती ओले केस, खांद्यावर भलंमोठं गाठोडं आणि हातात चक्क पाटी! प्लॅस्टिकची, पांढरी, दोरीनं पेन्सिल बांधलेली. मी जन्मभर पाट्या बघितलेली बाई. मला राहवेना.

"काय गं, आता शाळा कसली?"

"आजी, पाण्याखालची पाटी आहे ही. आम्ही मोजायला गेलो होतो."

"काय मोजायला?"

"प्रवाळ. आणि मासे."

"पगार किती देतात?"

"काही नाही. उलट शिकायला माझेच पैसे गेलेत."

मग ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून, वरणभात खात खात, मला सगळं समजावत बसली. 'रीफ चेक ऑस्ट्रेलिया' नावाची संस्था आहे, २००१ पासून. तिचे स्वयंसेवक पाणबुडे ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं जाऊन प्रवाळाची पाहणी करतात. ही ब्रिस्बेनजवळ स्ट्रॅडब्रोक बेटाच्या बाजूला गेली होती. पद्धत अगदी शाळेच्या तपासणीसारखी कडक. समुद्राच्या तळावर शंभर मीटर टेप अंथरायची. तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे धरायचे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे सोडायचे. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरवर टेपच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं. म्हणजे एका तुकड्यात चाळीस नोंदी, चार तुकड्यांत एकशेसाठ. जे सुंदर दिसेल ते लिहायचं नाही. टेपखाली जे येईल तेच लिहायचं, वाळू तर वाळू, दगड तर दगड. माशांची मोजणी वेगळी. टेपच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच मीटरच्या पट्ट्यात ठरावीक जातीचे मासे किती, शेवंडं किती, मोठे शिंपले किती, एवढंच.

मी पाटी हातात घेऊन बघितली. टेपखाली काय ते लिहायचं म्हणजे दहा प्रकारांपैकी एक खूण करायची. कडक प्रवाळ, मऊ प्रवाळ, स्पंज, वाळू, गाळ, चुरा, खडक वगैरे. त्यात एक प्रकार होता, नातीनं त्याचं मराठी केलं, "नुकतंच मेलेलं प्रवाळ".

"आणि जुनं मेलेलं?" मी विचारलं.

"ते खडक म्हणून लिहायचं. त्याच्यावर इतरांचे संसार थाटलेले असतात गं. नवीन प्रवाळाची पिल्लंसुद्धा तिथंच चिकटतात. म्हणून 'मेलेलं' हा शब्द आम्हाला जपून वापरायला शिकवतात. आजी, तुला एलिसन रीफची गोष्ट माहीत नाही?"

मला कुठली माहीत असायला! पण पुढच्या आठवड्यात तिनं लायब्ररीतून एक पुस्तक आणून दिलं. ज्युडिथ राइट या कवयित्रीनं १९७७ साली लिहिलेलं, 'द कोरल बॅटलग्राउंड'. डिक्शनरी शेजारी ठेवून, रोज चार-सहा पानं करत मी ते वाचलं. अडलं की नात होतीच. त्यातून आणि तिनं आणून दिलेल्या इतर वाचनातून जी गोष्ट माझ्या मनात जुळली ती अशी.

साल १९६७. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलंड राज्य आहे. तिथं समुद्राकाठी इनिसफेल नावाचं गाव. प्रचंड पावसाचा मुलूख, आणि सगळीकडे ऊस. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तिथं अगदी घरच्यासारखं वाटेल. अतिपावसानं जमीन आंबट होते, तिला चुना घालावा लागतो. आणि चुना कुठून आणायचा? तर समोर समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ पसरलेलीच. जवळजवळ तेवीसशे किलोमीटर लांबीची, हजारो लहानमोठ्या प्रवाळ खडकांची रांग. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे चुनाच की. एका ऊस बागायतदारानं सरकारकडे अर्ज केला की समोरच्या समुद्रातल्या एलिसन रीफ नावाच्या खडकातून चुनखडी काढायची परवानगी द्या. कारण साधं आणि पटण्यासारखं होतं. तो खडक मेलेला आहे, त्याचा कुणाला काय उपयोग?

यात तो माणूस दुष्ट होता असं मला वाटत नाही. शेतकऱ्याला खत लागतं, आणि वरून बघितलं तर पाण्याखालचा तो खडक खरंच करडा, निर्जीव दिसत असेल. आणि त्या काळी अशा मागण्या काही जगावेगळ्या नव्हत्या. आमच्या लेकीच्या घरापासून जवळच मोर्टन उपसागर आहे. तिथलं प्रवाळ सिमेंटसाठी १९३०च्या दशकापासून पार १९९०च्या दशकापर्यंत उपसलं जात होतं. ते ऐकल्यावर मी ब्रिस्बेनमधल्या जुन्या इमारतींकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागले!

पण एलिसनच्या बाबतीत अर्जाची बातमी जॉन ब्यूस्ट या गृहस्थांना लागली. हे मूळचे व्हिक्टोरिया राज्यातले, पेशानं चित्रकार. इनिसफेलच्या दक्षिणेला बिंगिल बे नावाच्या जागी समुद्राकाठी घर बांधून राहत होते. वन्यजीव संरक्षण संस्थेची इनिसफेलची शाखा ते चालवत. त्या संस्थेच्या राज्याच्या अध्यक्षा म्हणजे आपल्या ज्युडिथ राइट. संस्था १९६२ साली चार हौशी माणसांनी काढलेली. आणि या दोघांच्या जोडीला जंगलांचा अभ्यास करणारे लेन वेब नावाचे शास्त्रज्ञ होते. म्हणजे पाहा, एक चित्रकार, एक कवयित्री आणि एक झाडांचा माणूस. तिघांपैकी समुद्राचा शास्त्रज्ञ एकही नाही. राइटबाईंना तर तरुणपणापासून ऐकूही कमी येत असे. १९४९ साली त्या लेडी इलियट नावाच्या बेटावर गेल्या होत्या आणि तिथं ओहोटीच्या उथळ पाण्यात त्यांनी प्रवाळ बघितलं होतं. तेवढी ओळख त्यांना पुरली.

ब्यूस्टनी अर्जाला रीतसर हरकत घेतली. पण हरकत घेणं सोपं. पुढं प्रश्न येतो पुराव्याचा. समोरचा म्हणतो खडक मेलेला आहे. तुम्ही म्हणता जिवंत आहे. कशावरून? तुम्ही बघितलाय? कुणी बघितलाय?

इथं मला फार आश्चर्य वाटलं. या प्रवाळरांगेचा अभ्यास करायला १९२२ पासून शास्त्रज्ञांची एक मान्यवर समिती होती. १९२८-२९ साली तर इंग्लंडहून आलेल्या तुकडीनं लो आयल्स नावाच्या बेटांवर वर्षभर मुक्काम ठोकून काम केलं होतं. ग्रंथ होते, नकाशे होते. पण एलिसनसाठी उभं राहा म्हटल्यावर मोठ्यांचे पाय अडखळले. जपून, नियमात राहून थोडं काढायला हरकत नाही, अशा मताचे लोक त्यांच्यात बरेच होते. सरकारशी उघड भांडण कुणाला नको होतं. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. सरकारी नोकरीत सदतीस वर्षं काढलेल्या बाईला ती अडचण समजते.

मग धावून आली ती मुलं. ब्रिस्बेनमध्ये १९६५ साली क्वीन्सलंड लिटोरल सोसायटी नावाची एक छोटी संस्था निघाली होती. लिटोरल म्हणजे किनाऱ्यासंबंधीची. त्यात विद्यापीठातली, पाण्यात बुड्या मारण्याचा नाद असलेली मुलं होती. त्यांच्यात पुढं होता एडी हेगर्ल नावाचा विद्यार्थी. ब्यूस्टचा निरोप गेला आणि ही पोरं ब्रिस्बेनहून निघाली. ब्रिस्बेन ते इनिसफेल अंतर सोळाशे किलोमीटर, म्हणजे इकडे पुण्याहून दिल्लीपेक्षाही जास्त! आणि एवढं जाऊन करायचं काय, तर ज्याला सगळे मेलेला म्हणतात त्या खडकाभोवती बुड्या मारायच्या आणि यादी करायची. पगार अर्थातच नाही.

त्यांनी काही दिवस तिथं काम केलं आणि यादी वर आणली. जिवंत प्रवाळाच्या ८८ जाती, शंखशिंपल्यांच्या ६०, आणि माशांच्या १९० जाती.

हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. ८८, ६०, १९०. मेलेल्या खडकावर!

प्रकरण इनिसफेलच्या खाण न्यायालयात उभं राहिलं. तिथं निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याला मायनिंग वॉर्डन म्हणतात. सुनावणीत मुद्दा निघाला तो मला विज्ञानाच्या तासाला सांगावासा वाटणारा आहे. प्रवाळाच्या खडकाचा वरचा थर जिवंत असतो, खालचा सगळा डोलारा म्हणजे मागच्या पिढ्यांचे सांगाडे. त्यावर शेवाळ धरतं, त्याच्या भेगांत किडे, खेकडे, शंख राहतात, त्यांच्यावर मासे जगतात, आणि नवीन प्रवाळ मूळ धरतं तेही त्या जुन्या सांगाड्यावरच. म्हणजे मेलेला भागसुद्धा जिवंत भागाचं घर आहे. वाडवडील गेले म्हणून वाडा पाडायला घेतला तर आत राहणाऱ्यांनी जायचं कुठं? वॉर्डननं अर्ज नामंजूर करावा असं मत दिलं आणि पुढं अर्ज फेटाळला गेला.

एका खडकाची ही गोष्ट. पण तिचं महत्त्व त्या खडकापुरतं नव्हतं, कारण एकाला परवानगी मिळाली असती तर दुसऱ्याला नाही म्हणायला कारण उरलं नसतं. आणि रांगेत मागं उभे होते ते उसाचे शेतकरी नव्हते, तेलकंपन्या होत्या! त्या काळात राज्य सरकारनं जवळजवळ सगळी प्रवाळरांग तेलाच्या शोधासाठी कंपन्यांना वाटून दिली होती. राज्याच्या मुख्यमंत्र्यांचेच तेलकंपनीत शेअर होते. पुढची सात-आठ वर्षं ही माणसं तेलाशी लढली. देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट ब्यूस्टचे जुने मित्र, बिंगिल बेला यायचे, स्वतः पाण्यात उतरणारे. त्यांचा आधार वाटत होता, तर १७ डिसेंबर १९६७ला ते व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर पोहायला गेले आणि समुद्रातच नाहीसे झाले. आधार गेला. तरी यांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या. मोटारींच्या मागं चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून वाटल्या, त्या लिटोरलच्या पोरांनीच. १९६९ साली अमेरिकेत सँटा बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटली आणि काळे पडलेले पक्षी सगळ्या जगानं बघितले. लोकांचं मत फिरलं. १९७०च्या जानेवारीत तर कामगार संघटनाच म्हणाल्या की प्रवाळात खोदायला जाणाऱ्या कामावर आमचा बहिष्कार. खोदकाम थांबलं. चौकशी आयोग बसले. आणि शेवटी १९७५ साली केंद्र सरकारनं ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा कायदा केला. उद्यानात खाणकामाला आणि तेलाला बंदी आली. १९८१ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं.

या उद्यानाचं क्षेत्रफळ आहे ३,४४,४०० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा समुद्र! आणि त्याच्या मुळाशी एका लहानशा खडकाभोवती केलेली यादी.

जॉन ब्यूस्टना मात्र हे बघायला मिळालं नाही. १९७१ साली ते गेले. त्यांच्या स्मरणाचा फलक बिंगिल बेच्या किनाऱ्यावर आहे. नात म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी तुला नेते." पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढच्या वेळेचं आमंत्रण गोड वाटतं, म्हणून हो म्हणून ठेवलं आहे.

इतिहासाची सवय अशी की एक तारीख हाताशी लागली की त्याच वर्षी आणखी काय झालं ते बघायचं. मुलांनाही मी हेच शिकवायची. म्हणून मी १९६७ साल उघडून बघितलं, आणि एका ठिकाणी थांबले.

२७ मे १९६७. ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. त्यांच्या राज्यघटनेत पहिल्यापासून एक कलम होतं, १२७वं. देशाची किंवा राज्याची लोकसंख्या धरताना तिथल्या मूळच्या आदिवासींना मोजायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. माणसं समोर आहेत, हजारो वर्षांपासून आहेत, पण हिशेबात धरायची नाहीत. बिंगिल बेचा तो किनारा ज्यांचा, ते जिरू लोकही त्यातलेच. त्या दिवशी नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी सांगितलं की हे कलम काढा.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशात, एकीकडे माणसांना मोजायचं ठरलं आणि दुसरीकडे मुलं प्रवाळ मोजायला पाण्यात उतरली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. इतिहासाच्या शिक्षकानं असले धागे ओढून ताणून जोडू नयेत. पण माझ्या मनात त्या शेजारी शेजारी बसल्या, आणि त्याचं कारण माझ्यापाशी आहे. ते मी आजवर घरातही फारसं बोललेले नाही.

माझी नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. दर वर्षी जूनच्या आधी आम्हा शिक्षकांना दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण करावं लागे. घरोघर जायचं, सहा वर्षं पुरी झालेली मुलं कोण ते लिहायचं, तक्ता भरून वर पाठवायचा. आमच्या हद्दीत ओढ्यापलीकडे कातकऱ्यांचा एक पाडा होता. त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि ओढ्याला पाणी आलं. मी घुटमळत होते. बरोबरचे जुने गुरुजी म्हणाले, "बाई, कशाला तंगड्या तोडता? तिथं कुणी नसतं. सगळे वीटभट्टीवर गेलेले असतात. लिहून टाका."

मी लिहिलं. निरंक.

ज्यांनी सरकारी तक्ते भरले आहेत त्यांना हा शब्द माहीत असेल. निरंक म्हणजे शून्य, काही नाही, प्रश्न मिटला. इतका सोयीचा शब्द दुसरा नाही.

श्रावणात गावच्या बाजारात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी रानभाज्यांचे वाटे मांडून बसली होती. हिशेब तोंडी, आणि एकदम चोख. मी कौतुकानं विचारलं, "कुठली गं तू?"

"पाड्यावरची."

"तिथं राहतं का कुणी?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की या बाईला काय झालंय. "आम्ही राहतो की," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. ओढा घोट्याएवढा होता. पाड्यावर शाळेच्या वयाची नऊ मुलं निघाली. पावसाळा लागला की भट्ट्या बंद होतात आणि माणसं परत येतात, हे मला कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या वर्षीचा तक्ता तर गेला होता. पुढच्या जूनला नवांपैकी पाच मुलं शाळेत आली. ती हिशेबवाली मुलगी आली नाही. तिच्या पाठची भावंडं लहान होती, त्यांना सांभाळायला ती घरी राहिली. दोन-तीनदा गेले मी तिच्या घरी. मग माझी बदली झाली.

त्या एका वर्षानं तिचं काय गेलं ते मला सांगता येणार नाही. कदाचित ती आधीच्या वर्षीही आली नसती. पण मी तिला निरंक लिहिलं होतं, हे खरं आहे. आणि लिहिताना मी तिथं गेले नव्हते, हेही खरं आहे. पुढं नोकरीत मी एकही तक्ता न जाता भरला नाही, असं म्हणते मी स्वतःला. पण ती मुलगी त्यात बसत नाही.

एलिसनची गोष्ट वाचताना मला राहून राहून हेच वाटत होतं. 'तिथं काही नाही' म्हणायला काहीच लागत नाही, एका जागी बसून म्हणता येतं. 'तिथं आहे' म्हणायला मात्र जावं लागतं, पाण्यात उतरावं लागतं, एक-एक नाव लिहावं लागतं. आणि न्यायालयात पुरावा मागतात तो नेहमी दुसऱ्याकडेच.

हेगर्ल आणि त्याच्या मित्रांची ती लिटोरल सोसायटी आज ऑस्ट्रेलियन मरीन कॉन्झर्व्हेशन सोसायटी म्हणून देशभर काम करते. आणि हौशी माणसांनी प्रवाळ मोजायची रीत पुढं जगभर पसरली. १९९७ साली ग्रेगर हॉजसन नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं 'रीफ चेक'ची पहिली जागतिक पाहणी झाली. साडेसातशे हौशी पाणबुडे, त्यांना शिकवायला आणि तपासायला शंभर शास्त्रज्ञ, एकतीस देश आणि प्रदेश, तीनशेहून जास्त प्रवाळ जागा. तेव्हा कळलं की कितीतरी ठिकाणी शेवंड एकही दिसत नाही, मोठे मासे दिसत नाहीत, मासेमारीनं दूरदूरचे खडकही ओरबाडले गेले आहेत. तोवर पुष्कळांना वाटत होतं की लांबचे खडक तरी सुरक्षित असतील. गेल्याशिवाय कळत नाही, ते असं.

आमच्या नातीची पाटी ही त्या पाहणीची लेक म्हणायची.

एक प्रश्न मात्र मी तिला विचारला, आणि तो इथं लिहिलाच पाहिजे. एलिसनच्या वेळी समोर एक अर्ज होता, एक न्यायालय होतं, एक निकाल होता. आता संकट आहे ते तापणाऱ्या समुद्राचं. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग आणि अन्न दोन्ही त्या शेवाळाकडून येतं, म्हणून ते पांढरंफटक पडतं आणि उपाशी राहतं. पाणी वेळेवर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. ग्रेट बॅरियर रीफवर असं मोठ्या प्रमाणावर १९९८ आणि २००२ साली झालं, आणि मग २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ असं नऊ वर्षांत पाचदा. त्याला कुठल्या वॉर्डनपुढं उभं करणार? हरकत कुणाकडे नोंदवणार?

"मग तुमच्या मोजण्यानं काय होतं गं?" मी विचारलं.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाणी थंड होत नाही, आजी. ते मला माहीत आहे. पण निदान कुणी 'तिथं काही नव्हतंच' असं म्हणू शकणार नाही. आणि 'सगळं संपलं' असंही म्हणू शकणार नाही. दोन्हीही लोक न बघताच म्हणतात."

मी काही बोलले नाही. बावीस वर्षांच्या मुलीला जे कळलं आहे ते मला कळायला ओढा ओलांडावा लागला होता, आणि तोही उशिरा.

निघायच्या आधी तिनं मला एक कार्ड दिलं. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' नावाच्या उपक्रमाचं, २००२ पासून चालू आहे. साध्या चौकोनी कार्डावर रंगांच्या पट्ट्या आहेत, फिकटापासून गडदापर्यंत, एक ते सहा आकडे घातलेल्या. प्रवाळाशेजारी कार्ड धरायचं, सगळ्यात फिका भाग कुठल्या रंगाशी जुळतो आणि सगळ्यात गडद कुठल्या, ते लिहायचं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहूनसुद्धा करता येतं, पोहायला यायची गरज नाही. आपल्याकडे मालवणला समुद्रात प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्यही आहे. भाचेमंडळी दर मे महिन्यात तारकर्लीला जातात आणि मासे खाऊन परत येतात. या वेळी जाताना माझ्याकडून कार्ड घेऊन जा, बरं का. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

आणि जाऊबाई, तुमच्या खड्याऐवजी तुम्हालाही एक कार्ड आणलं आहे. मंगळाचं काय ते तुम्ही बघा!